पायराझोलोनचे अ‍ॅझो रंग: बनवायचे कसे, तपासायचे कसे

‘नायट्रोजनयुक्त हेटेरोसायक्लिक संयुगांचे संश्लेषण आणि रंग व अँटिऑक्सिडंट म्हणून त्यांचे मूल्यमापन’. एमएस्सीच्या प्रोजेक्टला असलं शीर्षक मिळालं की नवख्या विद्यार्थ्याला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. प्रत्यक्षात काम आटोपशीर आहे: एक रिंग (कार्बनबरोबर नायट्रोजनही असलेलं अणूंचं कडं), त्यावर चार-पाच रंग, आणि दोन प्रकारच्या चाचण्या. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. अँटिऑक्सिडंटची नेहमीची चाचणी रंग उडाला की नाही हे मोजते, आणि तुमचा नमुना स्वतःच रंगीत असतो. हे आधीच ध्यानात घेऊन आखणी केली नाही, तर आकडे येतात, आलेखही येतो, पण त्याला अर्थ नसतो.

खालची सगळी पद्धत एकाच उदाहरणावर बांधली आहे: ३-मिथाइल-१-फिनाइल-५-पायराझोलोन. प्रयोगशाळेत याला सगळे पीएमपी म्हणतात, म्हणून इथेही तेच.

हीच रिंग का

लुडविग क्नोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८३च्या सुमारास इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि फिनाइलहायड्राझिन एकत्र करून पायराझोलोन मिळवलं. त्यातूनच अँटिपायरिन हे तापावरचं औषध निघालं. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेलं अनाल्जिनही याच कुळातलं. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, टार्ट्राझिन आलं. मिठाईत दिसणारा लिंबू-पिवळा खाद्यरंग बऱ्याचदा हाच असतो, आणि तो पायराझोलोनचाच अ‍ॅझो रंग (दोन नायट्रोजन अणूंच्या दुव्याने जोडलेला रंग) आहे.

आता दुसरी बाजू. आपलं पीएमपी म्हणजेच एडाराव्होन. फ्री रॅडिकल टिपणारं औषध म्हणून जपानमध्ये २००१ साली पक्षाघातासाठी त्याला मान्यता मिळाली, अमेरिकेत २०१७ मध्ये एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी. म्हणजे शीर्षकातले दोन्ही शब्द, रंग आणि अँटिऑक्सिडंट, या एका रिंगच्या इतिहासात आधीपासून आहेत. स्वस्त कच्चा माल, पाण्यात होणारी अभिक्रिया, कॉलम न लावता शुद्ध होणारं उत्पादन हे फायदे वेगळेच.

पण एक मेख आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टचा गाभा तीच आहे. पीएमपीचा चौथा कार्बन हीच त्याची क्रियाशील जागा. एडाराव्होन रॅडिकलला इलेक्ट्रॉन देतं त्यात या जागेचा मोठा वाटा असतो. आणि डायझोनियम मीठ (अ‍ॅनिलीनसारख्या अमाइनवर नायट्रस अ‍ॅसिडची क्रिया करून मिळणारं) येऊन चिकटतं तेही नेमकं तिथेच. म्हणजे रंग बनवताना तुम्ही अँटिऑक्सिडंटची जागा अडवता. तेव्हा रंग पीएमपीपेक्षा कमी प्रभावी निघाला तर दचकू नका. उलट, मूळ पीएमपी शेजारी ठेवून न तपासता ‘आमचा रंग उत्तम अँटिऑक्सिडंट आहे’ असं लिहिणाऱ्या प्रबंधाकडे संशयाने बघा.

यावरून अमाइन कोणते निवडायचे तेही ठरतं. माझी पसंती अशी: अ‍ॅनिलीन (आधारभूत नमुना म्हणून), सल्फॅनिलिक अ‍ॅसिड (पाण्यात विरघळणारा रंग मिळावा म्हणून), ४-नायट्रोअ‍ॅनिलीन (इलेक्ट्रॉन ओढणारा गट), आणि ४-अमिनोफिनॉल. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यातून मोकळा फिनॉल गट रंगात येतो आणि अडवलेल्या जागेची काही अंशी भरपाई होते. दहा-बारा अमाइन घेऊन तक्ता फुगवण्यापेक्षा या चारांत विचार जास्त दिसतो.

काम सुरू करण्याआधी

फिनाइलहायड्राझिन विषारी आहे, त्वचेतून शोषलं जातं, त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते आणि ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. अ‍ॅनिलीन त्वचेतून रक्तात जाऊन हिमोग्लोबिन निकामी करतं. दोन्ही फक्त हूडमध्ये, नायट्राइलचे हातमोजे घालून हाताळायचे. मोज्यावर थेंब पडला तर मोजा लगेच बदलायचा. थंडीच्या दिवसांत फिनाइलहायड्राझिन बाटलीतच गोठलेलं सापडेल. त्याचा गोठणबिंदू २० अंशांच्या जरा खाली असतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, बर्नरजवळ नेऊ नका. ते फिकट पिवळं असायला हवं. गडद तपकिरी झालं असेल तर नवी बाटली मागा.

डायझोनियम मीठ कधीही वाळवायचं नाही. कोरड्या अवस्थेत ते स्फोटक असू शकतं. बनवलं की त्याच बैठकीत वापरायचं, ‘उद्या कपलिंग (पीएमपीशी जोडणी) करू’ चालत नाही. उरलेला रंगीत द्रव बेसिनमध्ये ओतू नका. अ‍ॅझो रंगांचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये, लेबल लावून.

बेंझिडीन आणि त्याच्या जवळच्या अमाइनकडे वळूच नका, कपाटात जुनी बाटली दिसली तरी. विघटन होऊन कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंधनं आणली, आणि त्याच दशकात भारतानेही शंभराहून अधिक रंगांवर बंदी घातली.

पहिली पायरी: पीएमपी

पीएमपी बाजारात तयार मिळतं. वेळ कमी असेल तर विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. पण ‘संश्लेषण’ शीर्षकात आहे म्हणून रिंग स्वतः बनवायची असेल तर हे प्रमाण सोयीचं: इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ६.५ ग्रॅम आणि फिनाइलहायड्राझिन ५.४ ग्रॅम, दोन्ही ०.०५ मोल. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये एकत्र करून ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे काही थेंब टाका आणि उकळत्या पाण्याच्या बाथवर साधारण दोन तास तापवा, अधूनमधून हलवत. आधी पाणी सुटून मिश्रण गढूळ होतं, पुढे लालसर, घट्ट पाकासारखं बनतं.

तो पाक थंड करून थोड्या थंड इथरमध्ये काचेच्या कांडीने चांगला घोटा. घोटता घोटता तो एकदम घट्ट होऊन पांढरट भुकटी सुटते. इथे धीर सोडून आणखी तापवत बसणं हा नवख्यांचा नेहमीचा प्रकार. तापवून काही होत नाही, घोटूनच होतं. इथर वापरताना खोलीत कुठेही ज्वाला नको. गाळून, थंड इथरने धुऊन, सम प्रमाणातल्या इथेनॉल-पाण्यातून रिक्रिस्टल करा. द्रवणांक १२७ ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास मिळाला की पुढे जा. सैद्धांतिक उत्पादन ८.७ ग्रॅम.

शेवटच्या धुण्यात कंजुषी करू नका. फिनाइलहायड्राझिन हे जबरदस्त रिड्यूसिंग एजंट आहे. त्याचा अंश पीएमपीत राहिला तर अँटिऑक्सिडंट चाचणीत तोच बाजी मारेल आणि श्रेय तुमच्या संयुगाला जाईल.

दुसरी पायरी: डायझो करणे आणि जोडणे

अ‍ॅनिलीनचं उदाहरण घेऊ. ०.९३ ग्रॅम अ‍ॅनिलीन (०.०१ मोल) १० मिलि. पाणी आणि २.५ मिलि. तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवा. बर्फ-मिठाच्या बाथमध्ये ० ते ५ अंशांवर आणा. ०.६९ ग्रॅम सोडियम नायट्राइट ४ मिलि. पाण्यात विरघळवून तेही थंड करा आणि थेंब थेंब सोडा. थर्मामीटर मिश्रणात बुडालेला हवा. बाहेरच्या बर्फाचं तापमान बघून उपयोग नाही.

नायट्राइट संपत आलं की स्टार्च-आयोडाइड कागदावर थेंब ठेवा. कागद लगेच निळा झाला म्हणजे नायट्रस अ‍ॅसिड थोडं जास्त आहे, आणि अभिक्रिया पूर्ण झाली असं धरायला हरकत नाही. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. मग ते जास्तीचं नायट्रस चिमूटभर युरिया किंवा सल्फॅमिक अ‍ॅसिड टाकून मारा. ही पायरी वगळली तर नायट्रस अ‍ॅसिड पीएमपीच्या चौथ्या कार्बनवरच हल्ला करतं आणि नायट्रोसो संयुगाची भेसळ होते.

प्रत्येक अमाइनला हीच पद्धत चालत नाही. सल्फॅनिलिक अ‍ॅसिड आम्लात विरघळत नाही. ते आधी सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळवा, त्यात नायट्राइट मिसळा आणि ते सगळं बर्फ घातलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये हळूहळू ओता. तयार होणारं डायझोनियम पांढऱ्या साक्यासारखं दिसतं. तो गाळू नका, तसाच वापरा. ४-नायट्रोअ‍ॅनिलीन दुबळा बेस आहे. गरम आम्लात विरघळवून बर्फावर झपाट्याने थंड करा, म्हणजे बारीक कण पडतात, आणि नायट्राइट एकदम घाला. थेंब थेंब घातलं तर डायझोअमिनो संयुग तयार होऊन चिकट गोळा होण्याचा धोका असतो. ४-अमिनोफिनॉल तर नायट्रस अ‍ॅसिडने सहज ऑक्सिडाइज होतं. तिथे थंडी जास्तच कडक ठेवा आणि जोडणीला जास्त वेळ द्या.

तोवर दुसऱ्या बीकरमध्ये १.७४ ग्रॅम पीएमपी (०.०१ मोल) १५-२० मिलि. पाण्यात ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडसह विरघळवा, त्यात ४ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेट घाला आणि ५ अंशांखाली थंड करा. पीएमपीचा पीकेए सुमारे ७ आहे. अल्कलीत त्याचा अ‍ॅनायन होतो, आणि जोडणी करतो तो अ‍ॅनायनच. आता डायझोनियमचं द्रावण या बीकरमध्ये थेंब थेंब सोडा, उलट दिशेने नाही. पहिल्याच थेंबाला पिवळा-नारिंगी रंग उमटतो. पीएच कागद हाताशी ठेवा. ७ च्या बराच खाली उतरू लागला तर सोडियम कार्बोनेटचं द्रावण घाला. फार अल्कधर्मीही करू नका, डायझोनियम कुजतं आणि डांबर होतं.

तासभर थंडीत ढवळून, विरळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने पीएच ५-६ वर आणून गाळा. पाण्याने भरपूर धुवा, वाळवा, इथेनॉलमधून रिक्रिस्टल करा. अ‍ॅनिलीनच्या रंगाचा रेणूभार २७८.३, म्हणजे कमाल २.७८ ग्रॅम मिळू शकतात. सल्फॅनिलिकचा रंग पाण्यातच राहील. तो मीठ घालून खाली बसवावा लागतो.

शुद्ध आहे का

टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेट ७:३ मध्ये मारा. इथे डोळे फसवतात. रंगीत ठिपका प्लेटवर नुसताच दिसतो आणि ‘एकच स्पॉट आहे, झालं’ असं वाटतं. बिनरंगी पीएमपी मात्र २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखालीच दिसतं. आणि पीएमपी स्वतः चांगलं अँटिऑक्सिडंट आहे हे विसरू नका. प्लेटवर शेजारी पीएमपीचा ठिपका लावा, दिव्याखाली बघा, आणि तिथे काही नसेल तरच नमुना चाचणीला पाठवा.

एनएमआरमध्ये पीएमपीचा ३.४ पीपीएमजवळचा सीएच-टू सिग्नल (क्लोरोफॉर्ममध्ये) रंगात नाहीसा व्हायला हवा, आणि १३ पीपीएमच्या पुढे एक रुंद प्रोटॉन दिसायला हवा. तो एन-एचचा. कागदावर आपण ‘अ‍ॅझो’ काढतो खरं, पण हे रंग घन अवस्थेत आणि बहुतेक द्रावणांत हायड्राझोन रूपात असतात, आणि तो एन-एच शेजारच्या कार्बोनिलशी हायड्रोजन बंधाने बांधलेला असतो. आयआरमध्ये कार्बोनिल १६६० च्या आसपास खाली सरकलेला मिळतो तो त्याचमुळे. व्हायवात हा प्रश्न येतोच.

रंग म्हणून मूल्यमापन

आधी यूव्ही-व्हिजिबल. मिथेनॉलमध्ये अशी संहती घ्या की अ‍ॅब्सॉर्बन्स ०.२ ते ०.८ मध्ये राहील. साधारण दोन-चार गुणिले दहाचा उणे पाचवा घात मोलर पुरते. लॅम्डा मॅक्स (सर्वांत जास्त शोषणाची तरंगलांबी) आणि मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी (तिथे रंग किती तीव्रतेने शोषतो त्याचं माप) नोंदवा. तुलनेसाठी, टार्ट्राझिनचं शिखर पाण्यात ४२७ नॅनोमीटरला येतं. डीएमएफमध्ये विरळ द्रावणाचं शिखर सरकलेलं दिसलं तर लगेच ‘सॉल्व्हॅटोक्रोमिझम’ (द्रावक बदलल्याने रंग बदलणं) लिहू नका. डीएमएफ स्वतः किंचित अल्कधर्मी असतं, त्याने एन-एच निघून गेला असेल. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून पुन्हा घ्या, शिखर परत आलं तर कारण सापडलं.

रंगाईसाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे सल्फॅनिलिकचा रंग लोकर किंवा रेशमावर. २ ग्रॅम कापड, कापडाच्या वजनाच्या २ टक्के म्हणजे ४० मिलिग्रॅम रंग, १०० मिलि. बाथ, अ‍ॅसेटिक किंवा फॉर्मिक अ‍ॅसिडने पीएच ३ ते ४. चाळीस अंशांपासून हळूहळू चढवत लोकर ९० अंशांपुढे, रेशीम ८५ च्या आसपास, आणि तिथे तासभर. बाथचा रंगाईआधीचा आणि नंतरचा अ‍ॅब्सॉर्बन्स घेतला की किती रंग कापडात गेला ते टक्क्यांत काढता येतं.

बाकीचे रंग पाण्यात विरघळत नाहीत, ते डिस्पर्स रंग म्हणून पॉलिएस्टरवर चढतात. त्यासाठी १३० अंशांचं एचटीएचपी (उच्च तापमान, उच्च दाब) यंत्र लागतं. केमिस्ट्री विभागात ते क्वचितच असतं, तेव्हा इचलकरंजी-मुंबईकडच्या टेक्स्टाइल संस्थेत विचारा. रंगाईनंतर कॉस्टिक आणि हायड्रोजच्या (सोडियम डायथायोनाइट) बाथमध्ये रिडक्शन क्लिअरिंग करून पृष्ठभागावर बसलेला रंग काढावा लागतो, नाहीतर घासण्याच्या चाचणीत कापड नापास होतं.

पक्केपणा मोजताना धुणं आणि घासणं १ ते ५ च्या ग्रे स्केलवर, उजेड १ ते ८ च्या ब्लू वूल स्केलवर. मानकाचा क्रमांक लिहायला विसरू नका: घासण्यासाठी आयएसओ १०५-एक्स१२, उजेडासाठी १०५-बी०२. ‘चांगला पक्केपणा’ एवढंच लिहिलं तर त्यावरून कुणालाही काही कळत नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणून मूल्यमापन

डीपीपीएच हे स्थिर फ्री रॅडिकल. १९५८ मध्ये ब्लॉइसने सुचवलेली ही पद्धत आजही सगळीकडे चालते, कारण ती साधी आहे: जांभळं द्रावण, ५१७ नॅनोमीटरला मोजायचं, अँटिऑक्सिडंटने हायड्रोजन दिला की पिवळं पडतं. ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलि. मिथेनॉलमध्ये घेतलं की ०.१ मिलिमोलर द्रावण मिळतं. ते त्याच दिवशी वापरायचं, बाटलीला फॉइल गुंडाळून. १ मिलि. नमुना आणि १ मिलि. डीपीपीएच, अंधारात तीस मिनिटं, मग रीडिंग. कंट्रोलचं अ‍ॅब्सॉर्बन्स ०.६ च्या आसपास यायला हवं.

आता मुख्य मुद्दा. तुमचा पिवळा रंग ४०० नॅनोमीटरजवळ शोषतो, पण त्याची शेपटी ५१७ पर्यंत येते. समजा तिथे त्याची मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी फक्त ५०० आहे. २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. म्हणजे सुमारे ०.७२ मिलिमोलर, म्हणजे रंगाचं स्वतःचं अ‍ॅब्सॉर्बन्स ०.३६, कंट्रोलच्या निम्म्याहून जास्त. डीपीपीएच पूर्ण संपलं तरी यंत्र ४० टक्केच निरोध दाखवेल. म्हणून प्रत्येक संहतीला स्वतंत्र सॅम्पल ब्लँक हवा: तेवढाच नमुना, डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल. नमुन्याच्या रीडिंगमधून तो वजा करा. जे उरेल ते कंट्रोलमधून वजा करून कंट्रोलने भागा, शंभरने गुणा. नमुना डीएमएसओत विरघळवला असेल तर कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ घाला.

पद्धत बरोबर बसली का, हे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड सांगतं. त्याचा एक रेणू दोन डीपीपीएच संपवतो. अंतिम डीपीपीएच ५० मायक्रोमोलर असेल तर निम्मं संपवायला १२.५ मायक्रोमोलर पुरे, म्हणजे सुमारे २.२ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. तुमचा आयसी-५० (निम्मं रॅडिकल संपवायला लागणारी संहती) याच्या जवळ आला तर ठीक. तीस-चाळीस आला तर द्रावणं पुन्हा बनवा. डीपीपीएच दुप्पट घेतलं की आयसी-५० ही साधारण दुप्पट होतो हेही यातून दिसतं, म्हणून दुसऱ्या पेपरमधल्या आकड्याशी थेट तुलना करण्याआधी त्यांचं डीपीपीएच किती होतं ते बघा. आणि मायक्रोग्रॅमबरोबर मायक्रोमोलरमध्येही आकडा द्या, नाहीतर हलका रेणू उगाच वरचढ दिसतो.

पिवळ्या-नारिंगी रंगांसाठी मला एबीटीएस (निळ्या-हिरव्या रॅडिकलची तशीच चाचणी) जास्त भरवशाची वाटते, कारण ती ७३४ नॅनोमीटरला मोजतात आणि तिथे हे रंग जवळपास शोषतच नाहीत. ३८.४ मिलिग्रॅम एबीटीएस आणि ६.६ मिलिग्रॅम पोटॅशियम परसल्फेट १० मिलि. पाण्यात घेऊन १२ ते १६ तास अंधारात ठेवायचं, निळं-हिरवं द्रावण तयार होतं, ते इथेनॉलने ०.७० अ‍ॅब्सॉर्बन्सपर्यंत विरळ करायचं. प्रमाण म्हणून ट्रोलॉक्स (ई जीवनसत्त्वासारखं, पाण्यात विरघळणारं अँटिऑक्सिडंट). दोन्ही चाचण्यांत क्रम सारखा आला तर निष्कर्षाला बळ येतं. वेगळा आला तर आधी डीपीपीएचचे ब्लँक तपासा.

प्रत्येक रीडिंग तीनदा, आणि तेही एकाच द्रावणातून तीनदा पिपेट करून नव्हे, वेगवेगळी द्रावणं बनवून.

तक्त्यात काय हवं

चार रंग, पीएमपी, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, ट्रोलॉक्स, अशा सात ओळी. स्तंभ: लॅम्डा मॅक्स, मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी, डीपीपीएच आणि एबीटीएसचे आयसी-५० मायक्रोमोलरमध्ये, रंगाई केली असेल तर पक्केपणाचे अंक. एखाद्या संयुगाने सर्वांत जास्त संहतीलाही निम्मं रॅडिकल संपवलं नाही तर रेषा लांबवून आकडा काढू नका. ‘तपासलेल्या सर्वांत जास्त संहतीपेक्षा जास्त’ एवढंच लिहा. ४-अमिनोफिनॉलचा रंग अ‍ॅनिलीनच्या रंगाहून सरस निघाला तर त्याचं कारण फिनॉल गट आहे की उरलेलं पीएमपी, हे सांगायला त्याच बॅचच्या टीएलसीचा फोटो, यूव्ही दिव्याखालचा, प्रबंधात जोडा. परीक्षक विचारणार ते हेच.